डेव्हिड सायमन आणि पाचव्या सीझनचं कोडं

'अमुक लेखकाच्या मालिकांतील समाजचित्रण' अशा शीर्षकाचा सिनॉप्सिस तुम्ही लिहायला घेतला असेल, तर जरा थांबा. विषय वाईट नाही, पण त्यात प्रश्नच नाही. 'का' नाही आणि 'कशावरून' नाही. आवडत्या लेखकावर काम करायला घेतलं की बहुतेकांचं असंच होतं. सगळंच आवडत असतं, त्यामुळे विचारायचं काय तेच सुचत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. त्या लेखकाचं सगळ्यात कमजोर काम शोधायचं आणि ते कमजोर का झालं हे विचारायचं. आज डेव्हिड सायमन या अमेरिकन लेखक-निर्मात्याच्या बाबतीत आपण हे करून बघू. त्यांची 'द वायर' ही मालिका तुम्ही पाहिली नसेल तरी हरकत नाही, लागेल तेवढी गोष्ट सांगते. मात्र काही शेवट आधीच कळतील, त्याला इलाज नाही.

आधी कामाचा आराखडा

सायमन हे मुळात गुन्हेगारीच्या बातम्या देणारे बातमीदार. १९८२ ते १९९५ ते 'बाल्टिमोर सन' या दैनिकात होते. १९८८ मध्ये त्यांनी रजा घेतली आणि वर्षभर शहराच्या खून-तपास पथकासोबत राहून जे चाललंय ते टिपून घेतलं. त्यातून १९९१ मध्ये 'होमिसाइड' हे पुस्तक आलं आणि त्या पुस्तकावरून एनबीसी वाहिनीवर १९९३ ते १९९९ अशी मालिका चालली. डेव्हिड मिल्स या मित्रासोबत सायमन यांनी टीव्हीसाठी पहिली पटकथा लिहिली ती याच मालिकेसाठी. पुढे वर्तमानपत्र सोडल्यावर ते तिथेच लेखक आणि मग निर्माते झाले.

दरम्यान १९९३ मध्ये त्यांनी आणखी एक वर्ष असंच घालवलं. सोबतीला एड बर्न्स हे माजी पोलीस डिटेक्टिव्ह होते. पश्चिम बाल्टिमोरमधल्या एका चौकात अमली पदार्थांचा व्यवहार चालायचा, तिथल्या माणसांसोबत दोघं राहिले. 'द कॉर्नर' हे पुस्तक १९९७ मध्ये आलं आणि एचबीओवरची सहा भागांची मालिका २००० मध्ये. त्यानंतर 'द वायर', २००२ ते २००८, पाच सीझन, साठ भाग. पुढच्या मालिका नुसत्या नोंदवून ठेवा: 'जनरेशन किल' (२००८), 'ट्रेमे' (२०१०-१३), 'शो मी अ हीरो' (२०१५), 'द ड्यूस' (२०१७-१९), 'द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका' (२०२०) आणि 'वी ओन धिस सिटी' (२०२२).

या यादीत काय दिसतं? पहिल्या दोन मोठ्या कामांच्या मुळाशी एकेक वर्षाचं फील्डवर्क आहे. लिंडा विल्यम्स या अभ्यासक नेमकं हेच धरतात. मानवशास्त्रात जॉर्ज मार्कस यांनी बहुस्थळी एथ्नोग्राफीची कल्पना मांडली, म्हणजे एकाच गावात किंवा वस्तीत बसून न राहता, एकमेकांशी जोडलेल्या अनेक जागांमधून प्रश्नाचा माग काढत जायचं. विल्यम्स यांच्या मते प्रत्यक्ष संशोधकाला जे जमणं अवघड, ते 'द वायर' कथेच्या आधाराने करते. पहिल्या सीझनमध्ये पोलीस आणि अमली पदार्थांचा धंदा, दुसऱ्यात बंदर, तिसऱ्यात शहराचं राजकारण, चौथ्यात शाळा, पाचव्यात वर्तमानपत्र. शहर एकच, पण दर वेळी एक नवी संस्था जोडली जाते.

हे कसं चालतं ते एका उदाहरणातून बघा. चौथ्या सीझनमध्ये प्रेझ नावाचा माजी पोलीस गणिताचा शिक्षक झालेला असतो. परीक्षेतले आकडे चांगले दिसावेत म्हणून मुलांकडून फक्त परीक्षेपुरतं घोटून घ्या, असा आदेश येतो. प्रेझला हे ओळखीचं वाटतं, कारण पोलीस खात्यातही गुन्ह्यांचे आकडे असेच खाली आणले जात. एक माणूस एका संस्थेतून दुसरीत गेला, एवढ्यानेच दोन्हीकडचा रोग एकच आहे हे आपल्याला दिसतं. कुणाला भाषण करावं लागत नाही.

कोडं

आता पाचवा सीझन. सायमन यांना सगळ्यात जास्त माहिती असलेली जागा म्हणजे वर्तमानपत्राची कचेरी. तेरा वर्षं तिथे काढलेली. मग हाच सीझन सगळ्यात सरस व्हायला हवा होता ना? अनेक समीक्षकांना आणि प्रेक्षकांना मात्र तोच पाचांतला सगळ्यात कमजोर वाटला. माझंही मत तेच आहे. पण मत म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून तुलना करू.

दुसऱ्या सीझनमधला फ्रँक सोबोत्का घ्या. बंदरातल्या कामगारांचा हा पुढारी चोरट्या मालाला वाट करून देतो आणि त्या पैशातून संघटनेसाठी, बंदर वाचवण्यासाठी राजकारण्यांची मनं वळवू बघतो. तो बरोबर की चूक, हे शेवटपर्यंत आपल्याला ठरवता येत नाही. आता पाचव्यातला स्कॉट टेंपलटन बघा. हा बातमीदार बातम्या रचतो. का रचतो? महत्त्वाकांक्षा आहे म्हणून. याच्या पुढे मालिका त्याच्या आत शिरतच नाही. त्याच्यासमोर गस हेन्स हा शहर-संपादक, अनुभवी, प्रामाणिक, विनोदी. वर बसलेले दोन संपादक पारितोषिकांच्या मागे. शाळांवरच्या लेखमालेची चर्चा होते तेव्हा वरिष्ठाला संदर्भ नको असतो आणि गस संदर्भासाठी भांडतो. आपण कुणाच्या बाजूने असावं हे पहिल्याच बैठकीत ठरून जातं. शेवटी टेंपलटनला पुलित्झर मिळतं, गसला बाजूला सारलं जातं. बाकीच्या चार सीझनमध्ये व्यवस्था माणसांना वाकवते. इथे वाईट माणसं व्यवस्था वाकवताना दिसतात.

या सीझनमध्ये एक गोष्ट मात्र विलक्षण आहे. ओमार हे मालिकेतलं गाजलेलं पात्र मारलं जातं आणि त्याच्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात येतच नाही, कारण जागा नाही. आपण चार-पाच सीझन ज्याच्यासोबत काढले, तो शहराच्या लेखी कुणीच नव्हता. इथे जुने सायमन दिसतात.

तीन संभाव्य उत्तरं

पहिलं उत्तर: भाग कमी पडले. आधीच्या सीझनना बारा-तेरा भाग होते, याला दहाच. हे पटण्यासारखं आहे. पण 'द कॉर्नर' सहाच भागांची आहे आणि 'शो मी अ हीरो'ही. त्यांतली माणसं अशी सपाट नाहीत. म्हणजे एवढ्यावर भागत नाही.

दुसरं उत्तर: कथानकच अशक्य आहे. मॅकनल्टी हा पोलीस खोटा सिरियल किलर उभा करतो. पण तिसऱ्या सीझनमध्ये कोल्विन नावाचा पोलीस अधिकारी शहराच्या एका भागात अमली पदार्थांचा व्यापार गुपचूप चालू देतो, ते काय कमी अशक्य आहे? तरी ते पटतं, कारण त्यावर प्रत्येक संस्था आपापल्या स्वभावाप्रमाणेच वागते. अशक्य घटना हा दोष नव्हे.

तिसरं उत्तर: लेखक विषयाच्या फार जवळ होता. १९९५ मध्ये सायमन यांनी नोकरकपातीच्या काळात पैसे घेऊन वर्तमानपत्र सोडलं होतं आणि तिथल्या वरिष्ठ संपादकांवरचा त्यांचा राग लपून नव्हता. २००८ मध्ये मार्क बाउडन यांनी 'द अटलांटिक'मध्ये त्यावरच लेख लिहिला. इथे एक सवय लावून घ्या. बाउडन यांचाही त्या संपादकांशी जुना परिचय होता. म्हणजे हा स्रोतही तटस्थ नाही. तो वापरायचा, पण हे नोंदवून वापरायचा.

उलटा पुरावा शोधा

तिसरं उत्तर आकर्षक आहे. 'आतल्या माणसाला आतलं दिसत नाही' असं वाक्य लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. अशा वेळी आपल्याच उत्तराला पाडणारं उदाहरण शोधायचं. इथे ते हाताशी आहे. एड बर्न्स वीस वर्षं पोलिसात होते आणि नंतर बाल्टिमोरच्या शाळेत शिक्षक झाले. प्रेझचा प्रवास त्यांच्याच आयुष्यावरून आला आहे. म्हणजे शाळेचा चौथा सीझनही आतल्या माणसाच्याच अनुभवावर उभा आहे आणि तो अनेकांच्या मते सर्वोत्तम आहे. मग?

मग उत्तर सुधारावं लागतं. चौथ्या सीझनमध्ये बर्न्स यांना शाळा माहीत होती, सायमन यांना नव्हती. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला विचारावं लागतंय, अशी ती जोडी होती. पाचव्यात सायमन यांच्यासोबत विल्यम झोर्झी होते, तेही 'बाल्टिमोर सन'चेच माजी बातमीदार. दोघांनाही कचेरी पाठ, दोघांनाही तिथे काय बिघडलं याचं उत्तर तयार. 'पण ते संपादक असे का वागले असतील?' हे विचारणारं खोलीत कुणी होतं, असं पडद्यावर तरी जाणवत नाही. खून-तपास पथकात आणि चौकात सायमन परके होते, त्यामुळे त्यांना गप्प बसून ऐकावं लागलं. कचेरीबद्दल लिहिताना ती गरज उरली नाही.

हे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे, पण आता ते तपासता येतं. तपासायला 'वी ओन धिस सिटी' चांगली. बाल्टिमोर पोलिसांच्या एका भ्रष्ट पथकाची ही खरी हकीकत जस्टिन फेंटन यांच्या पुस्तकावर आधारलेली आहे. फेंटन हे 'बाल्टिमोर सन'च्या पुढच्या पिढीतले बातमीदार. सायमन पुन्हा त्याच शहरात, त्याच खात्यात आले, पण या वेळी दुसऱ्याच्या फील्डवर्कवर उभे राहून. 'होमिसाइड'मधल्या पोलिसांबद्दल जी आपुलकी होती, ती इथे फारशी उरलेली नाही. बघण्याची जागा बदलली की दिसणारं चित्र बदलतं, या माझ्या म्हणण्याला यातून थोडा आधार मिळतो. अर्थात मधल्या काळात शहर आणि लेखक दोघंही बदलले, हेही मोजायला हवं.

तीन खड्डे

अशा विषयावर काम करताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, लेखकाची मुलाखत पुरावा म्हणून वापरणं. 'द वायर' ही ग्रीक शोकांतिकेच्या वळणाची आहे, असं सायमन सांगत आले. शेकडो लेखांनी ते तसंच उचललं. विल्यम्स यांनी मात्र २०१४ च्या पुस्तकात ती मेलोड्रामाच आहे, फक्त संस्थांच्या पातळीवरची, असं मांडलं. तुम्हाला कोणतंही पटो, पण मुलाखतीतून आपल्याला फक्त एवढंच कळतं की लेखकाला आपलं काम कसं वाचलं जावंसं वाटतं.

दोन, टीव्हीवरच्या कामाला एकच लेखक मानणं. 'द वायर'च्या लेखकांत जॉर्ज पेलेकॅनोस, रिचर्ड प्राइस, डेनिस लेहेन असे कादंबरीकार होते. आपल्याकडे मराठी मालिकेच्या नामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांची नावं वेगवेगळी असतात. 'सायमन' हे नाव लिहिताना आपण माणसाबद्दल बोलतोय, की लेखकांच्या खोलीबद्दल, हे प्रबंधात आधीच ठरवा.

तीन, मालिका म्हणजेच समाज समजणं. समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी हार्वर्डमध्ये 'द वायर' घेऊन अभ्यासक्रम शिकवला. पण बंदराचा सीझन लिहिताना सायमन यांच्यावर विल्सन यांच्याच बेरोजगारीवरच्या पुस्तकाचा प्रभाव होता. म्हणजे सिद्धांतातून मालिका आणि मालिकेतून पुन्हा सिद्धांताला दाखला. शिकवायला हे उत्तम आहे, पुरावा म्हणून गोल गोल फिरणं आहे. शिवाय मालिकेत काय नाही तेही बघा. पीटर ड्रायर आणि जॉन अ‍ॅटलस यांचा आक्षेप असा की संघटित होऊन लढणारे गरीब लोक 'द वायर'मध्ये जवळजवळ नाहीतच, प्रत्यक्ष बाल्टिमोरमध्ये मात्र ते होते. मला हा आक्षेप गंभीर वाटतो. संस्थांच्या मागे जाणाऱ्या कॅमेऱ्याला संस्थेबाहेर जमलेली माणसं सुटतात.

तुमच्या सिनॉप्सिसकडे

आता सुरुवातीचं शीर्षक पुन्हा बघा. 'सायमन यांच्या मालिकांतील समाजचित्रण'ऐवजी तुम्ही असं लिहू शकता: 'लेखकाचा विषयाशी असलेला संबंध पात्ररचनेवर कसा परिणाम करतो? सायमन यांच्या तीन मालिकांचा तुलनात्मक अभ्यास'. यात प्रश्न आहे, तुलना आहे आणि मुख्य म्हणजे तुमचं म्हणणं चूक ठरण्याची शक्यता आहे. गाइडसमोर जाताना ही शक्यता सोबत असू द्या.

आणि हाच प्रश्न स्वतःलाही विचारा. आपल्यापैकी बरेच जण आपल्या गावावर, जातीवर, आपण सोडलेल्या नोकरीवर किंवा आपल्याला छळलेल्या व्यवस्थेवर संशोधन करायला निघतात. जरूर करा. आतलं माहीत असणं ही मोठी शिदोरी आहे, हे बर्न्स यांनी दाखवलंच. फक्त त्या विषयातलं काहीच माहीत नसलेला एक माणूस शोधा, त्याला तुमचा मसुदा वाचायला द्या आणि तो जिथे 'पण ते असे का वागले?' असं विचारेल, तिथे पेन्सिलने खूण करा. पुढचं फील्डवर्क त्या खुणांपासून सुरू करा.