आवाज होताच, ऐकणारं कोण होतं?

मंडळी, आजचा विषय माणदेशातला. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज टिपणाऱ्या कामांकडे आपण समीक्षकाच्या नजरेनं बघणार आहोत. अशा कामाबद्दल बोलताना पटकन म्हटलं जातं, ‘यांना आवाज मिळवून दिला.’ आमचा पहिला आक्षेप या वाक्यालाच आहे.

माण, आटपाडी, खानापूर हा दुष्काळी पट्टा. तरणा माणूस गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात जातो, ऊसतोडीला जातो, मुंबई-पुणे गाठतो, नाहीतर मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतो. घर राखायला उरते म्हातारी. तिला बोलता येत नाही असं थोडंच आहे? उंबऱ्याच्या आत ऐकायला कुणी नाही, हे तिचं दुखणं.

पूर्वी ऐकण्याची एक ठरलेली जागा होती, जातं. पहाटे दोघी दळायला बसायच्या. एकीनं ओवी धरली की दुसरी ती उचलायची. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण सांगायची जागाही त्यासोबत गेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हे वेळीच ओळखलं. त्यांच्या प्रकल्पातून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या लाखाहून जास्त ओव्या जमल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. गाणारीचं नाव आणि गाव ओवीसोबत राहिलं, ही फार मोठी गोष्ट. तरी एक उणीव सांगायलाच हवी. ओव्यांचं विषयवार वर्गीकरण अभ्यासकाच्या सोयीचं असतं. पण एकाच पहाटे एकाच बाईच्या तोंडी माहेर, नवरा, पांडुरंग ज्या ओघानं येतात, तो ओघ त्यात तुटतो. आणि ओवी नुसती कागदावर उतरली की दम लागून घेतलेला श्वास, जात्याची घरघर, हेही हरवतं.

दुसरं उदाहरण म्हसवडचं. तिथं २००८ साली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हा सामुदायिक रेडिओ सुरू झाला, ९०.४ वर. अशा केंद्रांना साधारण १०० वॉटचीच मुभा असते, म्हणजे आवाज आसपासच्या गावांपुरताच पोचतो. कुणाला हा तोटा वाटेल. आम्हाला त्यातच या माध्यमाचं बळ दिसतं. ‘अगं, ही तर आपल्या वाडीची!’ असं ऐकणारी म्हणू शकते, आणि भेटल्यावर जाबही विचारू शकते. संग्रहात आवाज टिकतो, इथं त्याला उत्तर मिळू शकतं.

म्हणून अशा कामाला आम्ही तीन प्रश्न विचारू. कधी थांबायचं हे बोलणारी ठरवते, की ध्वनिमुद्रण करणारा? तिचा खोकला, विसरणं, मधेच कोंबड्यांना हाकलणं कापून टाकलं का? आणि टिपलेला आवाज तिच्या दाराशी परत गेला का? परगावच्या लेकानं फोनवर तो ऐकला का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर शहरातल्या दालनात हेडफोन लावून आपले डोळे पाणावले तरी म्हातारी होती तिथंच, एकटी. तेव्हा त्या कामाला कलाकृती म्हणा हवं तर. पण आवाज मिळवून दिला, असं म्हणू नका.

एवढं बोलून थांबतो. आता तुम्ही बोला, आम्ही ऐकतो.