ल त्येर लिव्र
(तिसरे पुस्तक). फ्रेंच लेखक फ्रांस्वा राब्ले (सु. १४९४–१५५३) याची विनोदी कादंबरी (१५४६). पांताग्र्युएल या राक्षसकुलीन राजपुत्राच्या कथामालेतील आधीचे दोन भाग त्याने टोपणनावाने लिहिले. हा भाग मात्र स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. सॉर्बॉनच्या धर्मपंडितांनी तो निषिद्ध ठरविला.

राजपुत्राचा सोबती पान्यूर्ज याला विवाहाची ओढ आहे. तथापि पत्नी प्रतारणा करील, या भयाने त्याचा निश्चय होत नाही. स्वप्ने, भविष्य सांगणारी वृद्धा, मरणोन्मुख कवी, धर्मशास्त्री, वैद्य, तत्त्वज्ञ, अखेर विदूषक, अशा सर्वांचा तो कौल घेतो. प्रतिकूल उत्तराचाही तो सोयीचा अर्थ लावतो आणि तरीही निःशंक होत नाही. या पुनरावृत्तीतूनच विनोद फुलतो. कोणतेही शास्त्र जी हमी देऊ शकत नाही, तीच तो मागतो. निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावा, हे पांताग्र्युएलचे म्हणणे त्याला पेलत नाही.

पांडित्यप्रचुर विषयांतरांमुळे कथानक रेंगाळते. नियोजित वधू तर कोठेच अवतरत नाही; परंतु ही उणीव अर्थपूर्ण आहे. पान्यूर्जचे भय कोणा स्त्रीविषयीचे नसून स्वतःच्या प्रतिष्ठेविषयीचे आहे, हे तीतून उघड होते. प्रश्न अनुत्तरित ठेवून पात्रे ‘दिव्य बाटली’च्या कौलासाठी सागरप्रवासाची सिद्धता करतात.