तीन ख्रिस्ती ग्रंथ आणि गृहस्थाश्रम

मनःशांति देणारे म्हणून जे ग्रंथ जगांत नांवाजले गेले, त्यांपैकीं बरेचसे घराकडे पाठ फिरविलेल्या पुरुषांनीं लिहिलेले आहेत. ते वाचणारे मात्र बहुधा प्रपंचांत गुंतलेले गृहस्थच असतात. ही विसंगति एकट्या ख्रिस्ती वाङ्मयांतच आहे असें नाहीं. 'सावधान' हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या रामदासांची कथा आपण कौतुकानें सांगतों, आणि त्या मुलीचें पुढें काय झालें हें सहसा विचारीत नाहीं. परंतु ख्रिस्ती वाचकांचे तीन आवडते ग्रंथ ओळीनें वाचले असतां हा प्रश्न विशेष स्पष्ट होतो. म्हणून त्यांचा येथें एकत्र विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला ग्रंथ 'इमिटेशन ऑफ क्राइस्ट'. हा मूळ लॅटिन भाषेंत पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत लिहिला गेला. त्याचा कर्ता म्हणून मान्य असलेला थॉमस आ केंपिस १४७१ सालीं वारला. त्याचें बहुतेक आयुष्य हॉलंडांतील एका मठांत गेलें. स्वामी विवेकानंदांना हा ग्रंथ इतका प्रिय होता कीं, त्याच्या कांहीं भागाचें त्यांनीं बंगालींत भाषांतर केलें. त्यांतील वैराग्य, अहंकाराची कठोर झडती आणि ईश्वराशीं चाललेला एकांतांतील संवाद हीं आपल्या संतवाङ्मयावर पोसलेल्या मनाला मुळींच परकीं वाटत नाहींत. पण केंपिसची शांति ही कोठडीचें दार लावून घेतल्यानंतरची शांति आहे. रात्रभर तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं बसलेल्या आईला 'कोणत्याहि माणसांत जीव गुंतवूं नको' या उपदेशाचा उपयोग काय? असें असूनहि, दुसऱ्यांचे दोष सोसण्याविषयीं त्यानें जें लिहिलें आहे तें प्रत्येक घरांत वाचलें जावें असें आम्हांस वाटतें. मठ हेहि शेवटीं एक एकत्र कुटुंबच. एका छपराखालीं राहणाऱ्यांचे स्वभाव एकमेकांस कसे बोंचतात, हें केंपिस पुरतें जाणून होता. तो गृहस्थांच्या उपयोगीं पडतो तो या अनुभवामुळें. त्याच्या वैराग्यामुळें नव्हे.

दुसरा ग्रंथ जॉन बन्यनचा 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'. हरि केशवजी यांनीं १८४१ सालीं 'यात्रिकक्रमण' या नांवानें तो मराठींत आणिला. पहिला भाग १६७८ सालचा. त्यांतील यात्रेकरू बायकामुलांच्या हाकांकडे दुर्लक्ष करून, कानांत बोटें घालून घराबाहेर धांवत सुटतो. रूपक म्हणून हें ठीक आहे. तथापि गृहस्थाला तें खटकल्यावांचून राहत नाहीं. आमची अशी समजूत आहे कीं, तें बन्यनलाहि खटकलें असावें. परवान्याशिवाय धर्मोपदेश केल्याबद्दल तो बारा वर्षें बेडफर्डच्या तुरुंगांत होता. उपदेश सोडण्याचें वचन दिलें असतें तर सुटका होण्यासारखी होती; तें त्यानें दिलें नाहीं. घरीं दुसरी बायको आणि पहिलीचीं चार मुलें होतीं. त्यांतली एक मुलगी आंधळी. त्याच्या यात्रेकरूला वाटेंतील एका वाड्यांत 'बायकामुलांना बरोबर कां आणलें नाहींस?' असा प्रश्न विचारला जातो, तेव्हां त्याच्या डोळ्यांना पाणी येतें. हें पाणी रूपकांतलें वाटत नाहीं.

पुढें १६८४ सालीं बन्यननें दुसरा भाग लिहिला. त्यांत मागें राहिलेली पत्नी आपल्या चार मुलांसह त्याच वाटेनें निघते. टीकाकार या भागाला गौण मानतात, आणि कथेचा वेग पाहिला तर तें खोटें नाहीं. हे यात्रेकरू हळू चालतात, मुक्काम करितात, मुलें आजारी पडतात, वाटेंत त्यांचीं लग्नेंहि होतात. परंतु कुटुंबाची वाट अशीच असते. एकट्याला जी वाट शौर्यानें पार पडते, ती मुलांना घेऊन चालतांना धीरानेंच काटावी लागते. घरांत मोठ्यानें वाचण्यास आम्ही हाच भाग निवडूं.

तिसरा ग्रंथ आपल्याच भाषेंतला, लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालेलें हें आत्मचरित्र धर्मग्रंथ म्हणून कोणी हातीं घेत नाहीं, आणि तेंच त्याचें बळ आहे. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. बन्यनचा यात्रेकरू ज्या घरांतून पळाला, त्या घरांतील स्त्री येथें प्रथमच स्वतःच्या तोंडानें बोलते. तिचा आकांत, पतीवरील राग, सोंवळ्याओंवळ्याचे संस्कार, मग हळूहळू पुन्हा एकत्र येणें आणि १९०० सालीं स्वतःच्या विचारानें घेतलेला बाप्तिस्मा, हें सारें तिनें हंसत हंसत सांगितलें आहे. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न तिनें पंडितांना विचारला नाहीं; स्वतःच्या मनाला विचारून सोडविला. टिळकांचा रागीटपणा, त्यांच्या हातीं न टिकणारा पैसा, यांपैकीं कांहींहि तिनें लपविलें नाहीं, आणि तरीहि त्यांच्याविषयींचा आदर कोठें उणा होत नाहीं.

या पुस्तकांत श्रद्धेचें तात्त्विक समर्थन शोधणाराची निराशा होईल. पण त्यांतली शांति एकांतांत मिळविलेली नाहीं. ती दोघांच्या भांडणांतून, दारिद्र्यांतून आणि परक्या मुलांना पोटाशीं धरण्यांतून आलेली आहे. टिळकांनीं अपुरें ठेवलेलें 'ख्रिस्तायन' पुढें त्याच लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें, ही गोष्ट पुष्कळ बोलकी आहे.

म्हणून हे तीन ग्रंथ घेणाऱ्या कुटुंबास आमची सूचना इतकीच: केंपिस एकट्यानें वाचावा, बन्यन मुलांसमवेत वाचावा, आणि 'स्मृतिचित्रे' पतिपत्नींनीं एकत्र बसून वाचावीं. ज्या श्रद्धेची किंमत घरांतील दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते, तिची परीक्षा त्या दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुरी होत नाहीं.