रिंगणाबाहेरची सही

लिऑन गास्ट यांच्या ‘व्हेन वी वेअर किंग्ज’ (१९९६) या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. विषय ३० ऑक्टोबर १९७४ ची किन्शासातील लढत. जॉर्ज फोरमन आठव्या फेरीत कोसळतो, मुहम्मद अली पुन्हा जगज्जेता होतो. काळ्या माणसाच्या आत्मभानाचा हा उत्सव आपल्याला भिडतो. पँथर हे नावही आपण तिकडूनच घेतले. माझे भांडण त्यातल्या डॉन किंगच्या चित्रणाशी आहे.

माहितीपटातला हा प्रमोटर म्हणजे उभे केस आणि शब्दांची आतषबाजी. दोघांना प्रत्येकी ५० लाख डॉलर कबूल करून त्याने सह्या मिळवल्या. जवळ तेवढा पैसा नव्हताच; तो आला झाईरच्या मोबुटूकडून, म्हणजे तिथल्या दरिद्री जनतेकडून. मोबुटूची हुकूमशाही गास्ट दाखवतात, हे नाकारत नाही. पण कराराच्या कागदाकडे ते वळत नाहीत.

१९६० साली अलीचा पहिला करार लुईव्हिलच्या अकरा गोऱ्या धनिकांशी झाला. दहा हजार डॉलर हाती, खर्च त्यांचा, कमाईत निम्मा वाटा त्यांचा, आणि काही रक्कम अलीच्या नावे राखीव. निम्मा वाटा ही लूटच. पण हिशेब होता. किंग आला तो ‘आपण काळे, एक होऊ’ म्हणत. १९८० मध्ये लॅरी होम्सशी लढण्यासाठी अलीला ८० लाख ठरले. हाती पडले त्यात सुमारे ११ लाख ७० हजार कमी. अलीने दावा लावला. तब्येत ढासळलेल्या अलीपुढे ५० हजारांची रोकड ठेवून किंगने तो मिटवला. हे सारे १९९६ च्या आधीच पुस्तकांत छापून आले होते.

खरी मेख आणखी खोल आहे. मॅनेजरने प्रमोटरशी घासाघीस करायची असते. टिम विदरस्पूनचा मॅनेजर होता किंगचाच सावत्र मुलगा. १९८६ मध्ये वेम्बलीत विदरस्पूनने जगज्जेतेपद राखले आणि त्याच्या हाती सुमारे ९० हजार डॉलर पडले. हरलेल्या फ्रँक ब्रुनोला त्याच्या कितीतरी पट. शिवाय जगज्जेत्याशी लढायचे तर आव्हानवीराने आधीच लिहून द्यायचे : जिंकलो तर पुढच्या लढतीही याच प्रमोटरच्या. म्हणजे रिंगणात कोणीही पडो, प्रमोटर उभाच! आपल्यातलाच मुकादम आपल्याला नवा नाही. तरी त्याच्यावर लिहिताना आपली लेखणी अडखळते, तसा गास्टचा कॅमेराही अडखळला.

२००० साली अमेरिकेत अलीच्याच नावाने कायदा झाला. प्रमोटरला मॅनेजरच्या धंद्यात भागीदारी करण्यास त्याने मनाई केली आणि असल्या सक्तीच्या करारांना बारा महिन्यांची मर्यादा घातली. विदरस्पूनने १९९२ मध्येच कोर्टाबाहेर तडजोड केली होती.