आगकाडीची उसनवारी : फाळके, जाहिरातपट आणि अर्थहरण

दादासाहेब फाळके यांच्या 'आगकाड्यांची मौज' (१९१५) या लघुपटाचा उल्लेख भारतीय सचेतनपटाच्या इतिहासात आरंभीच येतो आणि त्यापाठोपाठ उसनवारीची शंकाही येते. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ मध्येच आगकाड्यांना पडद्यावर हालते केले होते. आर्थर मेलबर्न-कूपर याच्या इंग्रजी जाहिरातपटात आगकाडीची माणसे भिंतीवर आवाहन लिहितात : एक गिनी पाठवा, पलटणीतील प्रत्येक सैनिकाला काडेपेटी मिळेल. तो १८९९चा की १९१४चा, हा अभ्यासकांतील वाद आहे. आगकाडी एकच, एकेक चौकट टिपण्याचे तंत्रही एकच. म्हणून कल्पनाही उसनी ठरते काय?

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त अर्थहरणाचे प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य आणि परपुरप्रवेशसदृश असे प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात अर्थ सर्वस्वी दुसऱ्याचा, केवळ मांडणी निराळी; शेवटच्यात मूळ वस्तू एक, पण घडण अगदी वेगळी. आर. जी. आनंद खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयानेही कल्पनेवर नव्हे, तर तिच्या अभिव्यक्तीवर स्वामित्व असते, असा निर्वाळा दिला. दोन्हीकडे कसोटी घडणीची आहे.

जाहिरातपटाच्या बाबतीत या कसोटीला प्रयोजनाची जोड द्यावी लागते. मेलबर्न-कूपरच्या पटात आगकाडीच आगकाडीसाठी याचना करते. वस्तू बदलली तर पटच कोसळतो. उलट ज्या जाहिरातीतील दृश्यमालिका कोणत्याही मालाला सारखीच चिकटते, तिथे ती कोठून उचलली, हा प्रश्न रास्त ठरतो. कायद्याने असा निर्माता सुटेल. मूळ कलावंताच्या श्रेयाचे ऋण मात्र फिटत नाही.

फाळके यांचा याआधीचा प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपली आणि ते चित्रण पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज देण्यास तयार झाले. तो लघुपट म्हणजे एका अर्थी चित्रपट या माध्यमाचीच जाहिरात होती. तंत्र परके, पण अंकुर आणि त्याने करायचे काम फाळक्यांचे.

'आगकाड्यांची मौज' आज उपलब्ध नाही. केवळ आगकाडीच्या साम्यावरून त्यावर अनुकरणाचा शिक्का मारणे म्हणजे काव्य न वाचता विषयावरून कवीला चोर ठरवणे होय. त्याला अपूर्व म्हणणेही तितकेच निराधार आहे. प्रभाव सिद्ध करायचा तर दोन्ही संहिता समोर हव्यात. तौलनिक अभ्यासाची ही प्राथमिक अट येथे पुरी होत नाही.