पाच तारे, पाच वर्षं : 'हूप ड्रीम्स' पुन्हा पाहताना

माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये एक एक्सेल शीट आहे. तिच्यात 13 ओळी आणि 4 रकाने. ओळींमध्ये मुलांची नावं, रकान्यांमध्ये वर्षं: फ्रेशमन, सोफमोर, ज्युनिअर, सीनिअर. प्रत्येक नावासमोर उंची, पसरलेल्या हातांची लांबी आणि एक ते पाचपैकी मिळालेले तारे. एक ओळ मी लाल रंगाने भरली आहे आणि तिच्या टोकाला लिहिलं आहे, 'जागा अडवून बसलाय'. तेव्हा तो मुलगा 19 वर्षांचा होता. मी त्याला ओळखत होतो, हे मात्र शीटमध्ये कुठेही नाही.

गेल्या महिन्यात 'हूप ड्रीम्स' हा माहितीपट दुसऱ्यांदा पाहिला आणि ही शीट आठवली. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तो बास्केटबॉलचा चाहता म्हणून पाहिला होता. या वेळी मला त्यात चाहत्यांवर ठेवलेला एक आरोप दिसला आणि आरोपींमध्ये मीही होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. इंजिनिअरिंग संपवून मी 2021 साली मास्टर्ससाठी इंडियानाला गेलो. या राज्यात बास्केटबॉलचं वेड असं की शाळांच्या जिममध्येही हजारो माणसं बसतील एवढ्या गॅलऱ्या असतात. मी क्रिकेटवर वाढलेला. पण परक्या गावात माणसांशी बोलायला विषय लागतो, आणि तिथे तो विषय एकच होता. सामने हिवाळ्यात होतात. उरलेले महिने लोक काय बोलतात? तर पुढच्या वर्षी कोण येणार, कोण जाणार, आणि शाळेत शिकणाऱ्या कुठल्या मुलाला कुठल्या विद्यापीठाने स्कॉलरशिप देऊ केली. याला 'रिक्रूटिंग' म्हणतात. पुरुषांच्या एका संघाला तेव्हा 13 स्कॉलरशिप देता येत. एक मुलगा बाहेर पडला की एक जागा रिकामी होते. त्या 13 जागांचं गणित मांडणं हाच एक स्वतंत्र खेळ होता आणि आमच्या लॅबमध्ये तो रोज चाले.

या खेळाची गोडी कशात आहे ते मला फार उशिरा कळलं. प्रत्यक्ष सामन्यात आपला संघ हरतो. पुढच्या वर्षीचा संघ कधीच हरत नाही. 17 वर्षांचा जो मुलगा अजून आपल्याकडून एकही चेंडू खेळलेला नाही, त्याने एकही बास्केट चुकवलेली नसते. चाहता ज्याच्यावर प्रेम करतो तो मुलगा नसतोच, ते एक भाकीत असतं. आणि भाकीत चुकलं की चाहत्याला फसवल्यासारखं वाटतं. मग राग येतो तो भाकितावर नाही, मुलावर.

या बोलण्याची एक भाषा आहे. मुलाचं 'सीलिंग' किती, म्हणजे जास्तीत जास्त कुठवर जाईल. 'फ्लोअर' किती, म्हणजे कमीत कमी किती उपयोगी पडेल. त्याची 'मोटर' कशी आहे. तो अजून 'रॉ' आहे, दोन वर्षांचं 'प्रोजेक्ट' आहे. जुनी बाइक विकायला काढावी तसं हे बोलणं. मला त्यात काही खटकत नसे, कारण ही भाषा मला नवी नव्हती. मी ज्या धंद्यात जाणार होतो तिथे माणसाला 'रिसोर्स' म्हणतात, काम नसलेला माणूस 'बेंचवर' असतो, आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांना एका वक्ररेषेवर बसवून आकडा दिला जातो.

ताऱ्यांची पद्धत चुकते, हे चाहत्यांनाही माहीत असतं. स्टीफन करीला मोठ्या विद्यापीठांनी विचारलं नाही, म्हणून तो डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजात गेला. जा मोरंटचा शोध एका कॅम्पच्या मागच्या, आडबाजूच्या जिममध्ये लागला. अँथनी डेव्हिस शिकागोतल्या एका साध्या शाळेत खेळत होता. शाळेच्या वर्षांत तो सुमारे 8 इंच वाढला, आणि अचानक देशातल्या पहिल्या काही नावांमध्ये जाऊन बसला. या गोष्टी चाहते आनंदाने सांगतात. पण सांगतात कशा? मोजमापात राहिलेली त्रुटी म्हणून. म्हणजे तारे द्यायची पद्धत सुधारली की झालं. आणि या सगळ्या गोष्टी शेवटी जिंकलेल्यांच्याच आहेत. ज्यांना तारे बरोबर मिळाले पण पुढे काही झालं नाही, त्यांच्याबद्दल चाहत्यांच्या भाषेत फक्त एक शब्द आहे: 'बस्ट'. फुसका बार.

'हूप ड्रीम्स' या दुसऱ्या मुलांची गोष्ट सांगतो. दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स आणि त्याचे सहकारी फ्रेडरिक मार्क्स व पीटर गिल्बर्ट शिकागोत अर्ध्या तासाची एक फिल्म करायला निघाले होते. ते सुमारे पाच वर्षं चित्रण करत राहिले, अडीचशे तासांच्या आसपास फुटेज जमलं आणि 1994 साली जवळजवळ तीन तासांचा चित्रपट तयार झाला. विल्यम गेट्स आणि आर्थर एजी ही दोन कृष्णवर्णीय मुलं सुरुवातीला 14 वर्षांची आहेत. विल्यम कॅब्रिनी-ग्रीनच्या सरकारी वसाहतीत राहतो, आर्थर शहराच्या पश्चिमेकडच्या गरीब वस्तीत. दोघांना वेस्टचेस्टर या उपनगरातल्या सेंट जोसेफ या खासगी कॅथलिक शाळेत घेतलं जातं. एनबीएचा मोठा खेळाडू आयझेया थॉमस याच शाळेचा, याच जीन पिंगाटोरे या प्रशिक्षकाच्या हाताखालचा. जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात.

विल्यम पहिल्याच वर्षी शाळेच्या मुख्य संघात येतो. आर्थर मागे पडतो. विल्यमच्या फीची सोय एका पुरस्कर्त्यामुळे होते, आर्थरची होत नाही. घरी पैसे नाहीत, फी थकते, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यातच त्याला शाळा सोडावी लागते. तो वस्तीजवळच्या मार्शल हायस्कूलमध्ये जातो.

माझ्या शीटमधून आर्थरचं नाव इथेच गेलं असतं. पर्याय कमी झाला, ओळ डिलीट. चित्रपटाचं मोठेपण मला इथे दिसतं: कॅमेरा आर्थरबरोबर मार्शलला जातो. आता त्याच्यात गुंतवण्यासारखं काही उरलेलं नाही असं ज्या क्षणी सगळे ठरवतात, त्या क्षणानंतर चित्रपट त्याला आणखी तीन वर्षं देतो. त्या वर्षांमध्ये बाप घर सोडून जातो, परत येतो. घरातली वीज तोडली जाते. आई शीला मुलाच्या अठराव्या वाढदिवसाचा केक करते, आणि तो अठरा वर्षांपर्यंत जगला याचाच तिला आनंद आहे, हे तिच्या बोलण्यातून आपल्याला कळतं.

मला सर्वात जास्त हलवणारा प्रसंग बास्केटबॉलचा नाहीच. शीला नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करते आणि वर्गात पहिली येते. प्रमाणपत्र घेताना तिला रडू फुटतं. समोर मोजकीच माणसं बसलेली. त्याआधी आपण खच्चून भरलेली जिम पाहिलेली असतात, एका बास्केटसाठी उठून ओरडणारी गर्दी पाहिलेली असते. दिग्दर्शक या दोन गोष्टी शेजारी ठेवतो आणि निवेदनातून काही शिकवत नाही. शीलाला कोणी तारे दिले नव्हते. तिचं 'सीलिंग' कोणी मोजलं नव्हतं.

विल्यमची गोष्ट याच्या उलट बाजूने तिथेच येते. गुडघा दुखावतो, शस्त्रक्रिया होते. तो परत येतो, पण आधीसारखा राहत नाही. नायकेच्या उन्हाळी कॅम्पमध्ये देशभरातली निवडक मुलं आणि बाकड्यांवर ओळीने बसलेले नामवंत प्रशिक्षक दिसतात. एक स्काउट तिथे मांसबाजाराची उपमा स्वतःच वापरतो, आणि आपण माल चांगल्या दर्जाचा देतो असं काहीसं म्हणतो. त्याच मुलांसमोर स्पाइक ली येऊन सांगतो की तुमच्यामुळे शाळांना पैसा मिळतो, म्हणूनच तुम्ही इथे आहात. पुढे विल्यमला मार्क्वेट विद्यापीठाची स्कॉलरशिप मिळते. इकडे मार्शलचा संघ, ज्यात आर्थर आहे, 1991 साली राज्य स्पर्धेत तिसरा येतो. आर्थर आधी मिझुरीतल्या ज्युनिअर कॉलेजात, मग आर्कन्सॉ स्टेटला जातो. एनबीएपर्यंत दोघांपैकी कोणीच पोचलं नाही.

चित्रपटावर आक्षेपही आहेत. बेल हुक्स यांनी 1995 साली लिहिलं होतं की जिंकण्याच्या ज्या मूल्यावर हे सगळं उभं आहे, त्याला हा चित्रपट पुरेसं आव्हान देत नाही. मला हे बऱ्याच अंशी पटतं. सामन्यांचं संकलन बघा: शेवटची काही सेकंदं, रिंगवर फिरणारा चेंडू, आईचा चेहरा. विल्यम मोक्याच्या वेळी फ्री थ्रो चुकवतो तेव्हा मी दुसऱ्यांदा पाहतानाही चरफडलो. म्हणजे जो चित्रपट मला माझी सवय दाखवत होता, तोच ती सवय वापरून मला खुर्चीला खिळवूनही ठेवत होता. पण एक फरक उरतो. चाहता हरलेल्या मुलाकडून नजर काढून पुढच्या मुलाकडे वळवतो. इथे तशी सोय नाही. चेंडू चुकल्यावर त्या मुलाबरोबर घरी जावं लागतं.

स्पाइक लीच्याच 'ही गॉट गेम' (1998) शी तुलना केली की हे नीट दिसतं. त्यातला जीझस शटल्सवर्थ हा देशातला पहिल्या क्रमांकाचा मुलगा, त्याच्यासाठी सगळे टपलेले. तुरुंगातल्या बापालाही त्याचं मन वळवण्यासाठी तात्पुरतं बाहेर सोडलं जातं. बाजारावरची टीका त्यात जास्त उघड आणि धारदार आहे. पण नायक निवडला आहे तो बाजाराने आधीच निवडलेला. 'हूप ड्रीम्स'चे नायक निवडताना त्यांचं पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि कळल्यावरही कोणी ते बदलले नाहीत.

चित्रपटाच्या शेवटाकडे विल्यम प्रशिक्षकाचा निरोप घेऊन जातो, आणि पिंगाटोरे म्हणतात की एक दारातून बाहेर पडतो, दुसरा आत येतो, हे असंच चालायचं. हे वाक्य त्यांच्याविरुद्ध पुष्कळदा वापरलं गेलं. मला ते दुष्टपणाचं वाटत नाही. अनेक दशकं एकाच शाळेत शिकवलेल्या माणसाने आपल्या कामाचं केलेलं ते साधं वर्णन आहे. चाहत्यांकडे ती सबबही नाही. आम्हाला कोणी पगार देत नव्हतं.

मी गेलो त्याच वर्षी सगळं बदललं होतं. विद्यापीठ सोडू इच्छिणाऱ्या मुलांसाठीचं 'ट्रान्स्फर पोर्टल' 2018 पासून होतंच. 2021 साली एक वर्ष बाहेर न बसता दुसरीकडे खेळायची मुभा मिळाली, आणि त्याच जुलैत स्वतःच्या नावावर पैसे कमवायचीही. माझ्या शीटमधल्या चार रकान्यांना अर्थच राहिला नाही. चार वर्षं एका जागी थांबणारी मुलं कमी होत गेली. लॅबमध्ये सगळे हळहळायचे की या मुलांना निष्ठा राहिली नाही. मीही मान डोलवायचो. आता विचारावंसं वाटतं, आपली कुठली निष्ठा त्यांच्याशी होती? आदल्या उन्हाळ्यात आपणच त्यांच्या जागा मोजत बसलो होतो. विल्यम आणि आर्थरच्या काळात विद्यापीठ कमवायचं आणि मुलाला शिक्षणाचं आश्वासन मिळायचं. त्यापेक्षा आजचं बरं आहे. बाजारच असेल तर ज्याचा गुडघा जातो त्याला पैसे तरी मिळोत.

आता त्या लाल ओळीबद्दल.

मी पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या कोर्सला टीचिंग असिस्टंट होतो. तो मुलगा माझ्या लॅबच्या बॅचमध्ये होता. शाळेतून येताना चार तारे, आल्यावर दीड वर्ष बाकावर. एकदा तो गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून आला. पाय टेबलाखाली मावेना, म्हणून खुर्ची तिरकी करून बसला. त्याला फॉर लूप कळत नव्हता. लूप एक फेरी जास्त फिरायचा आणि तो का ते विचारायचा. मी वीसेक मिनिटं त्याच्याबरोबर बसलो. जाताना तो म्हणाला, "थँक्स, सर." मला तिथे सर म्हणणारा तो एकटाच होता.

त्याच वसंतात तो पोर्टलमध्ये गेल्याची बातमी आली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सर्वांत आधी लिहिलं: 'अखेर एक जागा मोकळी.' सहा जणांनी अंगठे दाखवले. मला काहीही वाटलं नाही. लॅबमधला मुलगा आणि शीटमधली ओळ यांची माझ्या डोक्यात गाठच पडली नव्हती.

'हूप ड्रीम्स'च्या शेवटी विल्यम म्हणतो, लोक मला सांगतात की मोठा झालास की आम्हाला विसरू नकोस. त्यांना मी म्हणायला हवं, मी मोठा झालो नाही तर तुम्ही मला विसरू नका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे एक छान वाक्य वाटलं होतं. या वेळी मी चित्रपट तिथेच थांबवला आणि शीट उघडली.

तो पुढे कुठे गेला ते मी शोधलं नाही. शोधलं असतं तर पहिली नजर त्याच्या सामन्यांच्या आकड्यांवरच गेली असती. पण सेमिस्टरच्या शेवटी त्याचे गुण मीच भरले होते, ते मला आठवतात. तो कोर्स चांगला पास झाला होता. शीटमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.