‘सव्वीस टक्के’ म्हणजे नक्की किती?

रॉबर्ट विल्सन या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाचे ‘फेमिनिन फॉरएव्हर’ हे पुस्तक १९६६ साली निघाले आणि हातोहात खपले. पाळी जाणे हा मधुमेहासारखा, संप्रेरकाच्या अभावाचा आजार आहे. इस्ट्रोजेन घेत राहिले की स्त्री तरुण राहते, असा त्याचा सूर. अंगातून वाफा येणे, दरदरून घाम येणे, झोप उडणे हे त्रास खरे आहेत आणि इस्ट्रोजेनने ते कमी होतात, हेही खरे. पण त्रासावरचा उपाय आणि चिरतारुण्याचे आश्वासन यांची गल्लत या पुस्तकाने केली. तिची किंमत लवकरच दिसली. नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, असे १९७५ साली दोन अभ्यासांत आढळले. मग जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक देणे सुरू झाले.

पुढे अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होताना दिसला. पण गोळ्या घेणाऱ्या बायका बहुधा मुळातच सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या. मग गुण गोळीचा की राहणीचा? हे ठरवायचे तर कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी, हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवावे लागते. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ने १६,६०८ स्त्रियांवर असा प्रयोग केला. धोका फायद्यापेक्षा जास्त दिसल्याने तो जुलै २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवला.

बातमी झाली : ‘स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो!’ आमचा दुसरा आक्षेप या मथळ्यावर आहे. आकडा खोटा नाही, अपुरा आहे. खोटी गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० जणींना हा कर्करोग झाला, खरी घेणाऱ्यांत ३८ जणींना. तिसावर आठ म्हणजे सव्वीस-सत्तावीस टक्के. पण दहा हजारांत आठ. दोन्ही बरोबर. मात्र पहिला आकडा ऐकून छाती दडपते, दुसरा ऐकून विचार करता येतो.

त्याच हिशेबात हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८ आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे ८ रुग्ण जास्त. खुब्याचे हाड मोडण्याचे ५ आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ कमी. शिवाय या स्त्रियांचे सरासरी वय होते ६३. वाफांचा त्रास होतो तो बहुधा पन्नाशीच्या आसपास. पुढच्या विश्लेषणांत दिसले की साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केल्यास तोलाचे पारडे बरेच अनुकूल होते. मथळ्यांनी हे सांगितले नाही, आणि ज्यांना त्याचा उपयोग होता अशा अनेकींनीही गोळ्या सोडल्या.

आमच्या मते आज म्हणता येईल ते एवढेच : त्रास फार असेल तर हा उपचार आजही सर्वांत गुणकारी आहे, केवळ हृदयविकार टाळायला तो घेऊ नये, स्तनांचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांना तो सहसा देत नाहीत. बाकीचे प्रत्येकीने डॉक्टरांशी बोलून ठरवायचे.

शतमान शिकवताना ३० आणि ३८ हे आकडे फळ्यावर जरूर मांडावेत. ‘किती टक्के वाढले?’ यानंतर ‘कितीवरून वाढले?’ हेही विचारायची सवय मुलांना लागेल. शिक्षिकांच्या खोलीतही हा हिशेब उपयोगी पडेल.